एकच डॉकर इमेज, एएमडी६४ आणि एआरएम६४ दोन्ही प्रकारच्या प्रोसेसरसाठी

गो भाषेत लिहिलेलं कमांड-लाइन टूल असेल, तर क्यूईएमयूच्या (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका. त्यात कंपाइल फार रेंगाळतं. गो स्वतःच दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बायनरी (थेट चालणारी फाइल) बनवतो.

आधी बिल्डएक्सने (डॉकरच्या इमेज बनवणाऱ्या प्लगइनने) डॉकर-कंटेनर ड्रायव्हरचा नवा बिल्डर तयार करा. डॉकरफाइलमधल्या पहिल्या फ्रॉम ओळीत प्लॅटफॉर्मला बिल्डप्लॅटफॉर्म हे व्हेरिएबल द्या, म्हणजे कंपायलर तुमच्याच मशीनच्या वेगाने चालेल. त्या ओळीच्या खाली टार्गेटओएस आणि टार्गेटआर्च हे आर्ग (बिल्डच्या वेळी मिळणारी व्हेरिएबल्स) लिहा, सीगो (गोमध्ये सी कोड जोडण्याची सोय) बंद करण्यासाठी सीगो_एनेबल्ड ० करा आणि ती मूल्यं गोओएस, गोआर्चला द्या.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आर्ग फ्रॉमच्या वर राहिला, तर स्टेजमध्ये (फ्रॉमपासून सुरू होणाऱ्या टप्प्यात) तो रिकामा असतो. गो मुकाट्याने बिल्ड मशीनचंच आर्किटेक्चर धरतो आणि ते मशीन एएमडी६४ असेल तर एआरएमच्या इमेजमध्ये एएमडीची बायनरी जाते. बिल्ड हिरवं दिसतं. चालवताना ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते.

शेवटच्या स्टेजला प्लॅटफॉर्म लिहू नका, फक्त बायनरी कॉपी करा. दोन्ही प्लॅटफॉर्म स्वल्पविरामाने देऊन पुशसह (इमेज रजिस्ट्रीत पाठवण्यासह) बिल्ड करा. पुश विसरलात तर निकाल कॅशमध्येच राहतो. मग बिल्डएक्सच्या इमेजटूल्स इन्स्पेक्ट कमांडने इमेजमधल्या प्लॅटफॉर्मची यादी तपासा: तिथे ‘अननोन’ प्लॅटफॉर्मच्या नोंदी दिसल्या तर घाबरू नका, ती प्रोव्हेनन्सची (इमेज कशी बनली याची) माहिती असते. मात्र ही यादी बायनरीची खात्री देत नाही. इमेज खऱ्या एआरएम मशीनवर एकदा चालवाच.