मुलांचं ॲप करताय? कोडिंगच्या आधी एवढं करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं हल्ली गावच्या शाळेसाठी ॲप करायला घेतात, मनापासून आनंद होतो बघून, पण सुरुवात रंग आणि कार्टूनपासून होते. आधी वय ठरवा. ३ ते १० वर्षं असं धरलं की ते ॲप कुणाच्याच कामाचं राहत नाही.

का ते घरातच बघा की. पाच वर्षांच्या मुलासमोर रताळ्यांच्या दोन ओळी मांडा, पाच-पाचच्या, मग त्याच्या डोळ्यादेखत एका ओळीतली रताळी लांब लांब सरकवा आणि विचारा जास्त कुठं आहेत, बरीच मुलं लांब ओळच दाखवतात. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानं हेच मांडलं, साधारण २ ते ७ वयात डोळ्याला दिसतं तेच खरं वाटतं, वस्तू समोर असल्या की तर्क नीट लावणं ७ च्या पुढं जमायला लागतं. वयं थोडी मागंपुढं होतात. म्हणून मोजणीच्या खेळात सुरुवातीला लहानमोठी चित्रं विस्कटून टाकू नका, सारख्या आकाराची रताळी समोरासमोर ठेवा, बोट लावलं की आकडा ऐकू यावा आणि ते रताळं बुट्टीत जावं, म्हणजे तेच परत मोजलं जात नाही. हे जमलं की मग विस्कटा.

लहान बोटांना नुसतं टॅप करणं सोपं, धरून ओढत न्यायला जड जातं. बटणं मोठी आणि कडेपासून आत ठेवा, फोन धरला की कडेला तळवा टेकतो. सूचना आवाजात द्या, एका वेळी एकच.

आपल्याकडं घरात मराठी, बाहेर कन्नड, त्यामुळं नवीन गोष्ट घरच्या बोलीत शिकवा आणि कन्नड त्यानंतर जोडा. कन्नड आवाज मात्र कन्नड बोलणाऱ्याकडूनच रेकॉर्ड करून घ्या, त्यात ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे, आपल्या तोंडात तो फरक बसलेला नसतो.

मूल अडलं की लगेच उत्तर देऊ नका. आधी थांबा, मग छोटी खूण, मग अर्धं करून दाखवा, पुढच्या वेळी मदत कमी करा. बक्षीस म्हणून नाणी आणि स्टार देणं मला अजिबात पटत नाही, मूल स्टारसाठी कुठंही बोट मारत सुटतं.

हे सगळं पहिल्यांदा पुठ्ठ्यावर स्क्रीन काढून करून बघा. आईवडिलांची परवानगी घेऊन अंगणवाडीत बसा, आवडलं का असं विचारू नका, बाईंसमोर सगळी हो म्हणतात. बोट कुठं जातं, मूल कधी तुमच्या तोंडाकडं बघतं ते लिहून ठेवा.

ॲप नेटशिवाय चाललं पाहिजे, जुन्या फोनवरही, जंगलाकडच्या वाड्यांचा विचार करा. लोकांची खाजगी माहिती जपण्यासाठीच्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ खालचं प्रत्येकजण मूल धरलंय, माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते, मुलांवर पाळत किंवा त्यांना हेरून जाहिराती चालत नाहीत. खरं तर माहिती गोळाच करू नका. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये २ ते ४ वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सांगितलाय, कमी असेल तर बरंच, म्हणून खेळ आपोआप पुढं सुरू होऊ देऊ नका, शेवटी सांगा, आता अंगणातनं पाच खडे आण आणि आजीला मोजून दाखव.