व्हेंडिंग मशीन लावण्याआधी: माल, जागा, मीटर आणि मग परवाने

मशीन सगळ्यात शेवटी घ्या. आधी मशीन घेतले की ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत गोडाऊनमध्ये पडून राहते, कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. महाराष्ट्रात ‘व्हेंडिंग मशीनचा परवाना’ असा एकच कागद कुठल्या खिडकीवर मिळत नाही. परवानगी लागते आत ठेवलेल्या मालाला आणि मशीन उभे राहणार त्या जागेला. म्हणून पहिल्या दिवशी कोरा कागद घेऊन दोनच गोष्टी लिहा: काय विकणार आणि कुठे विकणार. खालची प्रत्येक पायरी या दोन ओळींवर ठरते.

मालाच्या यादीतून आधी काय काटायचे ते बघा. तंबाखूजन्य पदार्थ मशीनमधून विकायला देशभर मनाई आहे. ई-सिगारेट २०१९ च्या कायद्याने पूर्ण बंद आहे आणि गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंदीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधे फार्मासिस्टशिवाय विकता येत नाहीत, म्हणून तीही काटा. जागा शाळेत किंवा शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असेल, तर यादीचा मोठा भाग आणखी गळतो, कारण तिथे जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकायला अन्नसुरक्षेच्या शाळाविषयक नियमांनी बंदी आहे. चिप्स, कोला आणि क्रीमची बिस्किटे काढल्यावर उरलेल्या मालावर मशीनचा खर्च निघतो का, हे करार करण्याआधी मोजा. सॅनिटरी पॅडच्या मशीनला अन्नाचा परवाना लागत नाही आणि पॅडवर २०१८ पासून जीएसटीही नाही. वजन-मापाचे नियम मात्र त्यालाही लागू आहेत.

आता जागा. कंपनीची लॉबी, रुग्णालय, कॉलेज, जिम, गृहनिर्माण सोसायटी या खासगी जागा. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड आणि मेट्रोत निविदा किंवा ई-लिलावातून जावे लागते. तिथल्या कोणाच्या तोंडी होकारावर एक रुपयाही खर्च करू नका. फुटपाथचा विचार डोक्यातून काढून टाका. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा रस्त्यावर बसून पोट भरणाऱ्या माणसासाठी आहे, त्याच्या आडोशाने लोखंडी कपाट उभे करता येत नाही.

खासगी जागेसाठी तीन कागद एकत्र घ्या: मालकाचे ना हरकत पत्र, अलीकडचे वीजबिल आणि नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागते असा समज सर्रास आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण रकमेच्या ०.२५ टक्के आणि नोंदणी फी शहरात १,००० रुपये, म्हणजे खर्च फार नाही. सोसायटी असेल तर फक्त सेक्रेटरीची सही घेऊन थांबू नका. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि त्याची प्रत मागा, कारण कमिटी बदलली की पहिली नोटीस अशा मशीनलाच येते. करारात मशीनची मालकी कोणाची, रात्री माल भरायला दरवाजा कोण उघडणार, वीज गेली तर नासलेल्या मालाचा भुर्दंड कोणावर आणि मशीन उचलायला किती दिवसांची मुदत, हे चार मुद्दे शब्दात लिहून घ्या.

विजेचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि तोच सगळ्यात महाग पडतो. सोसायटीच्या जिन्याचे दिवे आणि पाण्याचा पंप ज्या सामायिक मीटरवर चालतात, त्याचा दर घरगुती असतो. त्यातून वायर ओढून मशीन लावले की तो व्यापारी वापर होतो. वीज कायदा २००३ चे कलम १२६ लागले तर आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि बिल ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे म्हणजे सोसायटीकडे नोटीस जाते. सोसायटी अर्थातच तुमच्याकडे बोट दाखवते. म्हणून व्यापारी दराचे वेगळे मीटर किंवा आधीच व्यापारी दरात असलेली जोडणी बघा. कंपनीच्या इमारतीत हा प्रश्न सहसा येत नाही, तिथे सबमीटर लावून दर महिन्याला आकडा लिहिला की पुरते. सॉकेट १६ अँपिअरचे, अर्थिंग तपासलेले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला हवा. एक्स्टेंशन बोर्ड कदापि नको. थंड मशीनच्या पाठीमागे उत्पादकाने सांगितली तेवढी मोकळी जागा सोडा. भिंतीला चिकटवलेला कॉम्प्रेसर मे महिन्यात दम टाकतो आणि आतले चॉकलेट पांढरे पडते.

जागेचे कागद हाती आले की अन्नाचा परवाना. अन्नपरवान्याच्या फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर धंद्याचा प्रकार निवडताना ‘किराणा’ किंवा ‘रेस्टॉरंट’ टिचकी मारून मोकळे होऊ नका, व्हेंडिंगचा प्रकार वेगळा आहे आणि तोच निवडायचा. छोट्या उलाढालीला नोंदणी, त्यापुढे राज्य परवाना. २०११ च्या नियमावलीने ही रेघ वर्षाला १२ लाखांवर आखली होती, पण रेघ सरकवली जाते, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा असेल तो धरा. बरेच जण विचारतात की पाच मशीनला पाच परवाने लागतात का. अन्नसुरक्षा कायदा २००६ चे कलम ३१ सांगते की एकाच क्षेत्रातल्या वेगवेगळ्या जागांसाठी एक परवाना देता येतो, क्षेत्र बदलले की अर्ज वेगळा. ‘देता येतो’ याचा अर्थ द्यावाच लागतो असा नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला (परवाना देणारा तोच) सगळ्या पत्त्यांची यादी दाखवून आधी लेखी विचारा. माल साठवण्याची खोली वेगळी असेल तर तो पत्ताही यादीत हवा. तपासणीला येणारा अधिकारी मशीन बघून झाल्यावर ‘माल ठेवता कुठे?’ हाच प्रश्न विचारतो. नोंदणीला सात दिवस आणि परवान्याला साठ दिवसांपर्यंत मुदत नियमात आहे, उद्घाटनाची तारीख त्या हिशेबाने ठरवा.

माल भरणाऱ्या प्रत्येक माणसाचा वर्षातून एकदा काढायचा वैद्यकीय दाखला आणि टायफॉइडच्या लसीची नोंद, थंड मशीनची तापमान वही आणि कीटकनियंत्रणाचे बिल यांची एक फाइल करा आणि तिची प्रत मशीनच्या दरवाजाच्या आतल्या खिशात ठेवा. चहा-कॉफीचे मशीन असेल तर पाण्याचा चाचणी अहवालही त्यातच. कपाचाही विचार आत्ताच करा: प्लास्टिकचे कप आणि ढवळायच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, आणि महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्या वेळी १०,०००. परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि तक्रारीचा मोबाइल नंबर मशीनच्या दर्शनी बाजूला मराठीत, ठळक चिकटवा. बिल छापत असाल तर तो क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही सक्तीचा आहे.

वजन-मापाचे नियम म्हणजे मुख्यतः एमआरपी. टपरीवर ‘कूलिंगचे दोन रुपये’ जास्त घेतले जातात म्हणून मशीनमध्येही घ्यावेत असे वाटते. तो मोह टाळा, कारण टपरीवरचे दोन रुपये तोंडी असतात, मशीनचे मात्र यूपीआयच्या नोंदीत कायमचे राहतात. वीस रुपये छापलेल्या बाटलीला बावीस घेतल्याचा पुरावा ग्राहकाच्या खिशातच असतो. हॉटेलात एमआरपीपेक्षा जास्त घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोकळीक दिली ती बसायची जागा आणि सेवा धरून. मशीनला तो आडोसा मिळेल असे धरून चालू नका. दोष बहुधा हेतूत नसतो, सेटिंगमध्ये असतो. कंपनी वीस रुपयांच्या पाकिटाची किंमत अठरा करते, नवा माल मशीनच्या त्याच स्लॉटमध्ये (खणात) जातो आणि स्क्रीनवर आकडा वीसच राहतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा नेमके असेच घडण्याची सोय झाली. माल भरताना पाकीट हातात धरून छापील किंमत आणि स्लॉटची किंमत जुळवणे हे माल भरणाऱ्याच्या कामाचा भाग ठरवा, नंतर ऑफिसात बसून करायचे काम नव्हे.

बचत गटाकडून भडंग, चकली किंवा चिक्की सुटी घेऊन स्वतः पाकिटे भरणार असाल तर तुम्ही नुसते विक्रेते राहत नाही, पॅकर होता. मग पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, प्रति ग्रॅम किंमत, पॅकिंगची आणि वापरायची शेवटची तारीख, हिरवा ठिपका, पॅक करणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा संपर्क सगळे हवे. शिवाय पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापनाकडे (वजन-मापाच्या खात्याकडे) पॅकर म्हणून नोंदणी, फी ५०० रुपये. अन्नाच्या परवान्यातही रिपॅकिंगचा प्रकार जोडावा लागतो. हे झेपत नसेल तर गटालाच लेबलसकट पाकिटे करून द्यायला सांगा.

जीएसटीचे गणित आकड्यात मांडा. एका मशीनची विक्री महिन्याला ४५,००० धरली तर वर्षाला ५.४ लाख. फक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख, म्हणजे सात मशीनपर्यंत सक्ती नाही. पण मशीनच्या स्क्रीनवर दुसऱ्याची जाहिरात दाखवून पैसे घेतले की ती सेवा झाली आणि मर्यादा २० लाखांवर येते, म्हणजे चौथे मशीनच रेघ ओलांडते. जाहिरातीसाठी महापालिकेचा वेगळा परवानाही लागू शकतो, त्यामुळे पहिल्या वर्षी स्क्रीनवर फक्त स्वतःचा माल दाखवलेला बरा. नोंदणी केलीत तर प्रत्येक मशीनचा पत्ता ‘अतिरिक्त जागा’ म्हणून जोडा. पणजीत मशीन लावायचे तर गोव्याची स्वतंत्र नोंदणी लागते. दीड लाखाच्या मशीनवरचा १८ टक्के म्हणजे २७,००० रुपये कर नियमित नोंदणीत वजा मिळतो, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या योजनेत, मिळत नाही. जागामालक जीएसटीत नसेल तर नियमित नोंदणीवाल्याला १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो. आणि एक बारीक गोष्ट: पुरवठादार सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या स्लॉटना एकच दर टाकून देतो. बिस्किट आणि चिप्स ५ टक्क्यांत, कोला ४० टक्क्यांत. दर स्लॉटनिहाय टाकून घेतल्याशिवाय मशीन ताब्यात घेतल्याची सही करू नका.

उरलेले कागद पटकन होतात. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. व्यवसाय कराची नोंदणी करा, वर्षाला २,५०० रुपये. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात व्यापार परवाना लागतो का ते मालाची यादी घेऊन विचारा. कपात गरम पेय ओतणाऱ्या आणि बंद पाकीट देणाऱ्या मशीनला उत्तर वेगळे मिळू शकते.

आता मशीन घ्या. माल खरोखर खाली पडला की नाही हे ओळखणारा ड्रॉप सेन्सर हवाच. तो नसेल तर पाकीट स्प्रिंगमध्ये अडकते, पैसे मात्र कापले जातात. यूपीआयचे पैसे वाटेत अडकले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत तर बँकेने पाच दिवसांत परत करायचे असतात, पण पैसे तुमच्या खात्यात आले आणि माल अडकला तर परतफेड तुमचीच. नाणी स्वीकारणारे यंत्र घेत असाल तर दहाच्या नाण्याचे सगळे चालू नमुने आणि वीसचे नाणे टाकून बघा.

माल भरायची पद्धत पहिल्याच दिवशी दाखवून द्या. स्प्रिंगमधले पुढचे पाकीट आधी पडते, म्हणून जुना माल पुढे ओढून नवा मागे लावायचा. घाईत माणूस उलटे करतो, समोरची दोन रिकामी घरे नव्या पाकिटांनी भरतो आणि पुढे जातो. मागची पाकिटे तिथेच म्हातारी होतात, आणि मुदत संपलेले पाकीट ज्या दिवशी खाली पडते त्या दिवशी परवान्यावरचे नाव तुमचे असते. प्रत्येक स्प्रिंगच्या शेवटच्या पाकिटाची तारीख वहीत लिहायला लावा.