बॅकग्राउंड सर्व्हिसचे लॉग सापडत नाहीत तेव्हा काय करावे

टर्मिनलवर हाताने चालवल्यास भरभरून लॉग (कामाच्या नोंदी) लिहिणारे अ‍ॅप्लिकेशन सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस म्हणून सुरू केले की चिडीचूप होते, हा अनुभव लिनक्सवर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी तीन सल्ले हमखास मिळतात: सर्व्हिस रीस्टार्ट करा, लॉगच्या डिरेक्टरीला ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळे अधिकार) द्या आणि लॉगची पातळी डीबगवर, म्हणजे जास्तीत जास्त तपशिलावर, न्या. तिन्ही सल्ले कारण न शोधता दिलेले असतात आणि त्यांपैकी पहिला तर हाती असलेला पुरावाच पुसून टाकू शकतो. लॉग एक तर भलतीकडे जात असतात किंवा प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) पोटातच अडकून पडलेले असतात, म्हणून युनिट फाइलला, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलला, हात लावण्याआधी चालू असलेल्या प्रोसेसकडेच चौकशी करावी.

त्यासाठी सिस्टमसीटीएल स्टेटसमधून मुख्य प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे तिचा क्रमांक, घ्यावा आणि प्रॉकमध्ये, म्हणजे कर्नल जिथे प्रोसेसची माहिती मांडतो त्या डिरेक्टरीत, त्या क्रमांकाखाली जी एफडी नावाची डिरेक्टरी असते, तिची यादी रूटच्या अधिकाराने एलएस मायनस एल देऊन काढावी. तिथला प्रत्येक क्रमांक म्हणजे प्रोसेसने उघडलेल्या फाइलचा किंवा जोडणीचा डिस्क्रिप्टर: १ म्हणजे स्टँडर्ड आउटपुट आणि २ म्हणजे स्टँडर्ड एरर. बाणापुढे सॉकेट दिसले तर आउटपुट बहुधा जर्नलकडे, म्हणजे सिस्टमडीच्या लॉग साठवणाऱ्या भागाकडे, जात आहे. डेव्ह नल दिसले तर ते फेकून दिले जात आहे. स्वतःच डीमन होणारे, म्हणजे आपणहून बॅकग्राउंडला जाणारे, प्रोग्राम हे मुद्दाम करतात, आणि अशा प्रोग्रामला फोरग्राउंडमध्ये राहण्याचा पर्याय देऊन युनिट फाइलमधला टाइप फोर्किंगऐवजी सिंपल करावा. लॉगफाइलच्या नावापुढे कंसात डिलीटेड असे लिहिलेले असेल, तर फाइल कोणीतरी काढून टाकली आहे आणि प्रोसेस मात्र उघड्या राहिलेल्या डिस्क्रिप्टरवर लिहीतच आहे. तो मजकूर गेलेला नसतो. प्रॉकमधल्या त्याच दुव्यावर कॅट चालवून तो दुसऱ्या फाइलमध्ये उतरवून घेता येतो, फक्त प्रोसेस बंद होण्याआधी. जुने लॉग बाजूला ठेवणाऱ्या लॉगरोटेटने फाइलचे नाव बदलल्यावर प्रोसेस जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते, हा त्याचाच भाऊबंद. तिथे लॉगरोटेटच्या सेटिंगमधल्या पोस्टरोटेटमधून फाइल पुन्हा उघडण्याचा सिग्नल द्यावा. कॉपीट्रंकेट या पर्यायानेही काम भागते, पण कॉपी होणे आणि फाइल रिकामी होणे यांच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी त्यात हरवतात.

जर्नल वाचण्यासाठी जर्नलसीटीएल रूट म्हणून किंवा सिस्टमडी-जर्नल ग्रुपमधल्या वापरकर्त्याने चालवावे, कारण इतरांना सहसा फक्त स्वतःच्याच नोंदी दिसतात. मशीन रीबूट झाल्यावर मागचे सगळे गायब होत असेल तर व्हार लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी आहे का ते पाहावे. जर्नलचे स्टोरेज हे सेटिंग ऑटोवर असताना ती नसल्यास नोंदी रनखाली, म्हणजे मेमरीत, राहतात. एकाच सर्व्हिसने ओळींचा पूर आणला तर मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांत १०,००० संदेशांनंतर जर्नल पुढचे गाळू लागते आणि किती गाळले त्याची सप्रेस्ड या शब्दाची एक नोंद करते. ही मर्यादा मोकळ्या डिस्कच्या प्रमाणात आणखी वाढते, त्यामुळे आकड्यावर विसंबण्यापेक्षा तो शब्द शोधावा.

अ‍ॅप्लिकेशन स्वतः फाइलमध्ये लिहीत असेल तर कॉन्फिगमधला मार्ग पूर्ण आहे का ते तपासावे. सिस्टम सर्व्हिसची वर्किंग डिरेक्टरी सांगितली नसेल तर ती रूट, म्हणजे नुसती तिरकी रेघ, असते, आणि लॉग्ज या सापेक्ष मार्गाचा अर्थ तिथून लावला जातो. फाइल टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत असेल आणि युनिट फाइलमध्ये प्रायव्हेट-टेम्प चालू असेल, तर तुम्ही पाहता ते टेम्प आणि सर्व्हिसला दिसणारे टेम्प वेगवेगळे असतात. यावर ७७७ हा उपाय कधीच नव्हता. प्रोटेक्ट-सिस्टम हे सेटिंग स्ट्रिक्टवर असेल तर जवळपास सगळी फाइलसिस्टम त्या सर्व्हिसपुरती केवळ वाचनीय होते आणि परवानगीचे आकडे कितीही मोठे केले तरी फरक पडत नाही. युनिट फाइलमध्ये लॉग्ज-डिरेक्टरी ही ओळ द्यावी. २३५ व्या आवृत्तीपासून सिस्टमडी स्वतःच व्हार लॉगखाली योग्य मालकीची डिरेक्टरी बनवून देते.

एवढे करूनही लॉग दिसत नसतील, तर पाळी येते बफरिंगची, म्हणजे ओळी लगेच बाहेर न पाठवता मेमरीत साठवण्याची, आणि इथे मी स्वतः दोन दिवस घालवलेले आहेत. पायथनमध्ये लिहिलेली, तासाला मोजक्याच विनंत्या येणारी एक सर्व्हिस होती. डिस्क्रिप्टर सॉकेटकडे जात होता, परवानग्या ठीक होत्या, विनंत्यांना उत्तरेही मिळत होती, आणि जर्नलमध्ये मात्र सर्व्हिस सुरू झाल्याच्या नोंदीखाली काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक शंभरेक ओळी एकदम उगवल्या आणि त्या सगळ्यांवर एकाच सेकंदाची वेळ होती. मी आधी घड्याळावर संशय घेतला, मग जर्नलवर. दोघेही निर्दोष होते.

सी ची लायब्ररी आणि पायथन ही दोन्ही आउटपुटच्या दुसऱ्या टोकाला टर्मिनल आहे का ते पाहतात. टर्मिनल असेल तर प्रत्येक ओळ संपताच ती बाहेर जाते. सॉकेट, पाइप किंवा फाइल असेल तर सहसा ४ किंवा ८ किलोबाइट साठेपर्यंत मजकूर प्रोसेसच्या मेमरीतच थांबतो. ऐंशी अक्षरांच्या इंग्रजी ओळी धरल्या तर ८ किलोबाइटमध्ये अशा शंभर ओळी मावतात, आणि तासाला पाचसहा विनंत्या येणाऱ्या सर्व्हिसला तेवढ्या भरायला दिवस लागतो. जर्नल वेळ टाकते ती ओळ त्याच्या हाती आली तेव्हाची, म्हणून सगळ्यांवर एकच सेकंद. स्टँडर्ड एररला हा नियम लागू नाही: सी मध्ये ते बफर होत नाही आणि पायथनमध्ये ३.९ पासून ते नेहमी ओळीओळीने जाते. परिणामी चुकांचे संदेश दिसतात पण साध्या ओळी दिसत नाहीत, आणि दिसल्याच तर चूक आधी आणि तिच्या आधीची ओळ नंतर, असा उलटा क्रम लागतो. आउटपुट फाइलमध्ये वळवलेले असेल तर शेवटची ओळ शब्दाच्या मध्येच तुटलेली दिसते.

खात्री करायला अर्धा मिनिट पुरतो. तोच प्रोग्राम टर्मिनलवर चालवावा आणि त्याचे आउटपुट पाइपमधून कॅटला द्यावे. एरवी लगेच येणाऱ्या ओळी आता येईनाशा झाल्या, तर कारण सापडले.

मात्र इथे रीस्टार्टचा मोह आवरावा. सिस्टमडी थांबवताना आधी सिग्टर्म हा थांबण्याचा सिग्नल पाठवते. प्रोग्रामने तो स्वतः हाताळलेला नसेल तर कर्नल प्रोसेस तिथल्या तिथे संपवतो आणि बफरमधल्या ओळी तिच्याबरोबरच जातात. बिघाडाच्या आधीचे जे शेवटचे शंभर संदेश मला हवे होते, ते मी याच पद्धतीने स्वतःच्या हाताने घालवले. पायथनच्या प्रोसेसला सिस्टमसीटीएल किलमधून सिगइंट पाठवावा. तो कंट्रोल-सी दाबल्यासारखा असतो, त्यामुळे प्रोग्राम रीतसर बंद होतो आणि जाताना बफर रिकामा करतो.

कायमचा उपाय म्हणून पायथनला मायनस यू द्यावे किंवा पायथन-अनबफर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करावे; इंग्रजीत ते सगळे मोठ्या अक्षरांत आणि सलग लिहायचे असते. रूबीत स्टँडर्ड आउटपुटचा सिंक ट्रू करावा, सी मध्ये सेटव्हीबफ वापरावे. बफर बदलणारी एसटीडीबफ ही कमांड लावा हा सल्ला सर्रास दिला जातो, पण ते फक्त सी लायब्ररीच्या बफरवर आणि तेही डायनॅमिक लिंक केलेल्या प्रोग्रामवर चालते. पायथन ३ ला ते असले काय आणि नसले काय, सारखेच. बफर काढल्याने वेग मंदावतो असेही ऐकवले जाते. लॉगच्या ओळींमुळे सर्व्हिस मंदावत असेल तर ओळी कमी कराव्यात, हे माझे स्पष्ट मत आहे. प्रिंटऐवजी लॉगिंग मॉड्यूल वापरले तर बफरचा प्रश्न उरत नाही, कारण त्याचा स्ट्रीम हँडलर प्रत्येक नोंदीनंतर फ्लश करतो, म्हणजे बफर रिकामा करतो. फक्त त्याची मूळ पातळी वॉर्निंग असते, ती इन्फोवर आणावी लागते.

पायथन-अनबफर्ड हे व्हेरिएबल बॅशआरसीत (बॅश शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहून उपयोग नाही, सिस्टमडी ती फाइल वाचत नाही. सिस्टमसीटीएल एडिटने युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंटची ओळ घालावी; युनिट फाइल थेट बदलली असेल तर डीमन-रीलोड द्यावे. मग रीस्टार्ट करून प्रॉकमधल्या एनव्हायरॉन फाइलमध्ये व्हेरिएबल खरोखर पोहोचले का ते पाहावे.

शेवटी एका खिडकीत नव्या नोंदी सतत दाखवणारे जर्नलसीटीएल मायनस एफ सुरू ठेवून दुसरीतून एक विनंती पाठवावी. अ‍ॅप्लिकेशनच्या ओळीतही त्याची स्वतःची वेळ छापावी, असे मी नेहमी सुचवतो. जर्नल वेळ टाकतेच, मग ही दुहेरी नोंद कशाला, अशी तक्रार होते. पण ओळ किती वेळ पोटात अडकली होती, हे त्या दोन वेळांमधला फरकच सांगतो.