मासा कुठल्या बोटीचा? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सोड्यांचा डबा कधी रिकामा नसायचा. आम्ही सीकेपी, त्यामुळे बडोद्यात समुद्र दिसत नसला तरी मुंबईहून येणारी मावशी सोडे आणायचीच. ते कुठल्या बंदरातले, कुणाच्या बोटीतले, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. आज हाच प्रश्न विचारणं माझी नोकरी आहे. निर्यातीला जाणारा मासा कुणी, कधी, कुठे पकडला, याचा माग मी काढते. या कामाला सगळे ट्रेसेबिलिटीच म्हणतात.

कामाची गरज कुठून आली ते आधी समजून घ्या. विनापरवाना, नोंद न करता किंवा नियम धुडकावून जगभरात दरवर्षी १.१ ते २.६ कोटी टन मासा पकडला जातो, असा अंदाज २००९ साली मांडला गेला. हा माल बाजारात आला की रीतसर मासेमारी करणाऱ्याचा भाव पडतो आणि समुद्रही लवकर रिकामा होतो. म्हणून युरोपने १ जानेवारी २०१० पासून समुद्रातून पकडलेल्या माशाला कॅच सर्टिफिकेट, म्हणजे तो नियमाने पकडल्याचा दाखला, सक्तीचं केलं. आपल्याकडे ते एमपीईडीए, म्हणजे सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठीची केंद्र सरकारची संस्था, देते. अमेरिकेनेही २०१८ पासून ठरावीक माशांसाठी अशीच नोंद मागायला सुरुवात केली.

सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकताना मला वाटायचं की डीएनए तपासला की झालं. आजही मुलाखतीला येणारी मुलं हेच सांगतात. ती तपासणी सुंदर आहे, जरूर शिका. माशाचा चिमूटभर तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, फॉर्मलिनमध्ये कधीच नाही, कारण त्याने डीएनए खराब होतो. मग सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग वाचून ओळखीच्या जातींच्या डीएनए-संग्रहाशी ताडून बघायचा. कातडी काढलेला पांढरा तुकडा सुरमईचा की आणखी कशाचा, हे त्यातून कळतं. पण तो परवाना असलेल्या बोटीने पकडला की नसलेल्या, हे डीएनए सांगत नाही. माशाच्या कानातल्या खड्यांची (ओटोलिथ) रासायनिक तपासणी किंवा समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण यांवरून पाण्याचा प्रदेश किंवा शेततळ्यातलं खाद्य यांचा अंदाज बांधता येतो, बोटीचा नाही. बोट सापडते ती कागदात.

आणि कागद कुठे तुटतो ते गुजरातमधल्या वेरावळ बंदरात धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. मोठी बोट पंधरा-वीस दिवस समुद्रात असते. मासा बर्फात थरांनी रचलेला असतो, तळाचा सगळ्यात जुना. धक्क्यावर माल उतरतो, जातीनुसार वेगळा होतो, काट्यावर चढतो, एजंटाच्या वहीत लिहिला जातो आणि टेम्पोत भरला जातो. इथपर्यंत बोटीचं नाव मालाबरोबर असतं. कारखान्यात मात्र आकारानुसार निवड होते. एका लांब टेबलावर चार बोटींची माकुलं (स्क्विड) एकत्र ओतली जातात आणि मोठी एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात जातात. त्या टेबलावर बोट हरवते. एका बोटीचा माल संपल्यावर टेबल रिकामं करून मगच दुसरीचा घ्यायचा, एवढी शिस्त पाळणारा सुपरवायझर मिळाला तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

माझ्या दुसऱ्याच महिन्यात, एका कारखान्यात, ४,२०० किलो माकुलाच्या खरेदीतून साफ करून गोठवलेला माल ३,७०० किलो दाखवला होता. मी बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तारखा सगळं पडताळलं आणि सही केली. आठ दिवसांनी आमच्या वरिष्ठ बाईंनी कागद पुढे ठेवून एवढंच विचारलं, “डोकं, आतडी, शाईची पिशवी, साल, हे सगळं गेल्यावर किती उरतं, ते बघितलंस का?” एवढं उरूच शकत नव्हतं. एजंटाने आणखी दोन होड्यांचं माकूल त्याच बोटीच्या नावावर टाकलं होतं. माल थांबवला. त्या होड्यांकडे परवाना होता की नाही, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या खलाशांनी कदाचित सगळं नियमानेच केलं असेल, पण एजंटाने त्यांचं नावच पुसून टाकलं. मला आजही त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तेव्हापासून मी आधी वजनाचा मेळ बघते, मग नावं. त्यानंतर तारखा: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि गुजरातने अलीकडे ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवली आहे. त्या काळातली पकडल्याची तारीख दिसली की थांबायचं. कधी कुणी गोठवल्याची तारीख चुकून तिथे लिहिलेली असते, कधी प्रकरण खरंच गंभीर निघतं. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, समुद्राच्या भागांना क्रमांक देते; तो क्षेत्र क्रमांकही बघा. अरबी समुद्र ५१ मध्ये येतो, बंगालचा उपसागर ५७ मध्ये. वेरावळच्या ट्रॉलरच्या कागदावर ५७ दिसला तर फोन उचला.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. वेरावळला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई (मत्स्यशिक्षण), कोचीला सीआयएफटी (मत्स्य तंत्रज्ञान) आणि सीएमएफआरआय (सागरी मत्स्य संशोधन) या केंद्रीय संस्था. प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीवरही कारखान्याच्या गुणवत्ता विभागात शिरकाव होतो, मी तशीच आले. एक्सेल मात्र पक्कं हवं.

आपण बडोद्याच्या मराठी मुलांनी एक गोष्ट कमी लेखू नये. एजंटाची वही गुजरातीत असते, सर्टिफिकेट इंग्रजीत. दोन्ही वाचणारा माणूस या साखळीत फार मोलाचा. घाईत लिहिलेला गुजराती नऊ एकासारखा दिसतो आणि तेवढ्याने शेकडो किलोंचा फरक पडतो. बडोद्यात राहून माशांचं काय करणार, असं नातेवाईक विचारतील. त्यांना सांगा, द्वारकेकडचं ओखामंडळ बडोदा संस्थानाचंच होतं आणि तिथल्या समुद्री जीवांवरचा प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांचा अहवाल १९०९ साली गायकवाड सरकारसाठीच तयार झाला होता.

ऑगस्टच्या शेवटी बोटी परतू लागल्या की एकदा वेरावळला जाऊन या. पहाटे पाचच्या आत धक्क्यावर पोचा. बोटींचे फोटो काढण्याआधी काट्याजवळ जा आणि एका बोटीचा सगळा माल उतरेपर्यंत प्रत्येक क्रेटचं वजन स्वतःच्या वहीत लिहा. शेवटी तुमची बेरीज एजंटाच्या बेरजेशी ताडून बघा आणि फरक आलाच तर तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, विचारा. मला त्यांनी चहा पाजून, बोटावर मोजून सांगितलं होतं.