नकाशाचे ॲप वाट कशी ठरवते आणि त्याला नीट कसे विचारावे

नकाशाच्या ॲपसाठी प्रत्येक चौक किंवा फाटा हा एक बिंदू असतो आणि दोन बिंदूंमधला रस्त्याचा तुकडा पार करायला लागणारी मिनिटे ही त्या तुकड्याची किंमत असते. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत निघण्याच्या ठिकाणापासून सर्वांत कमी किमतीच्या बिंदूंकडे क्रमाक्रमाने सरकत जाते. आजची ॲप्स तिच्याच सुधारित, पुष्कळ वेगवान रूपांवर चालतात.

खरी गोम या मिनिटांत आहे. हमरस्त्यावर धावणाऱ्या असंख्य मोबाइलच्या वेगावरून तो अंदाज बांधता येतो, पण बालाघाटातल्या एखाद्या आडरस्त्यावर तेवढे मोबाइलच नसतात, त्यामुळे तिथे रस्त्याचा नोंदलेला प्रकार आणि जुनी माहिती यांवरच भिस्त राहते. नोंद चुकून पाणंद डांबरी रस्ता ठरली, तर ॲप बिनदिक्कत तिच्यात गाडी घालायला सांगते. म्हणून सुचवलेली वाट उपग्रहचित्रावर मोठी करून पाहावी आणि पावसाळ्यात फरशी पूल लागत असल्यास गावात फोन करून पाण्याची चौकशी करावी.

वाहनाचा प्रकार आधी निवडावा. जालन्याहून दुचाकीवर नागपूरकडे निघालेल्याने चारचाकीची वाट घेतली, तर ॲप समृद्धी महामार्ग दाखवील, आणि तिथे दुचाकीला मुळात परवानगीच नाही.

गावाच्या नावाचा शोध हा आपल्याकडे हमखास फसण्याचा प्रकार, कारण पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत याला गणती नाही. नावापुढे तालुका व जिल्हा लिहावा; उस्मानाबाद टाकून काही सापडले नाही तर धाराशिव टाकून पाहावे. शेतातल्या आखाड्याला पत्ता नसतो, तेव्हा नकाशावर तिथे बोट दाबून धरावे आणि उमटलेली खूण पाहुण्यांना पाठवावी. आकडेच कळवायचे असतील तर आधी अक्षांश, मग रेखांश: लातूर शहरासाठी साधारण १८.४०, ७६.५७. दशांश चिन्हापुढे दोनच अंक दिले तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते, पाच दिले तर मीटरभराच्या आत येते.

निघण्यापूर्वी वाय-फायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवावा. जीपीएसचे संकेत सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येतात, त्यांना रेंज लागत नाही. रेंज गेल्यावर वाहतूककोंडीची ताजी खबर मात्र बंद पडते.