घरी व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर बांधताना सुटे भाग कसे निवडावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांच्या माळ्यावर अजून व्हॉल्व्हचा रेडिओ पडून आहे, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर बांधण्याची कल्पना बहुधा त्या रेडिओवरूनच सुचते. आतल्या व्हॉल्व्हवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची छाप दिसली की हात शिवशिवतात. तरीही भागांची निवड व्हॉल्व्हपासून नव्हे, तर स्पीकरपासून सुरू करावी.

घरातल्या वादनासाठी ५ वॅट पुरतात. शेजाऱ्यांच्या दृष्टीने थोडे जास्तच. त्यासाठी ईसीसी८३ (गिटारचा क्षीण संकेत वाढवणारा), ईएल८४ (स्पीकरला शक्ती देणारा) आणि ईझेड८० (एसीचा डीसी करणारा) हे तीन व्हॉल्व्ह सोयीचे, कारण तिघांनाही नऊ पायांचे सारखेच सॉकेट चालते आणि तिघांचेही हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) ६.३ व्होल्टवर तापतात. स्पीकर ८ ओहमचा, १० इंची आणि निदान १५ वॅट सोसणारा घ्यावा.

त्यानंतर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि पैसे खर्चायचे ते इथेच. ईएल८४ ला सुमारे ५,००० ओहमचा भार लागतो. ८ ओहमच्या स्पीकरशी तो जुळवायचा तर वेढ्यांचे प्रमाण २५ ला १ येते. एकट्या व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून) सतत डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात फट हवी, नाहीतर लोखंड संपृक्त होऊन खर्जाचे स्वर पातळ होतात. मोटारी बांधणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर करून घेणार असाल, तर ‘ई’ पत्रे सगळे एका बाजूला, ‘आय’ पत्रे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची पट्टी, हे त्याला चित्र काढूनच सांगावे. सवयीने तो पत्रे उलटसुलट भरतो. शेवटी वॉर्निश मुरवून घेण्याचा आग्रह धरावा, कारण खानापुरी पावसात कोरड्या वेढ्यांत ओल शिरते.

पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठीच बांधलेला असावा. ६० हर्ट्झसाठीचा अमेरिकी ट्रान्सफॉर्मर इथे अधिक तापतो. सेकंडरी २५०-०-२५० व्होल्ट, ८० मिलिअँपिअर ठेवावी. तिन्ही हीटर मिळून १.६६ अँपिअर घेतात, तेव्हा त्या वेढ्यांची क्षमता २.५ अँपिअर सांगावी.

डीसीतली गुणगुण गाळणारे फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचे आणि नवेच घ्यावेत. २५० व्होल्टचे शिखर ३५३ व्होल्टपर्यंत जाते आणि रात्री लाइन चढली तर त्याहूनही वर, त्यामुळे ३५० व्होल्टचा कपॅसिटर कामाचा नाही. ईसीसी८३ कडून ईएल८४ कडे संकेत नेणारा, जोडणीचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६३० व्होल्टचा, फिल्मचा असावा. मी काटकसर म्हणून रेडिओतलाच कागदी कपॅसिटर लावला होता; त्यातून डीसी झिरपून ईएल८४ च्या ग्रिडवर गेला आणि दहा मिनिटांत त्याची प्लेट लाल झाली.

रेझिस्टर मेटल फिल्मचे घ्यावेत, त्यांत खरखर कमी असते. चॅसिस दोन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचे. सॉकेटची भोके बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून पाडून घ्यावीत. तीन पिनची वायर, चॅसिसला पक्के अर्थिंग, फ्यूज आणि फिल्टर कपॅसिटरवर त्यांचा भार उतरवणारा २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर यांत तडजोड नको. प्लग काढल्यावरही हे कपॅसिटर भारलेले राहतात. मीटरने व्होल्टेज शून्यावर आल्याची खात्री होईपर्यंत आत हात घालू नये.

प्रत्यक्ष व्हॉल्व्ह निवडावेत ते सर्वांत शेवटी. ईएल८४ आणि ईझेड८० चे हीटर ४ व ५ या पायांमध्ये तपासावेत. ईसीसी८३ चे ४ आणि ५ एकत्र करून ९ शी. काचेच्या टोकावरचा चंदेरी थर पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे असे समजून तो व्हॉल्व्ह बाजूला ठेवावा.