दुर्बीण उडायच्या वीस वर्षं आधी

पुण्यात पीएचडी संपवून २०२२ साली पोस्टडॉकसाठी अमेरिकेत आले, तेव्हा माझी समजूत अशी होती की अंतराळात कुठली दुर्बीण सोडायची ते नासातले चार मोठे लोक ठरवतात आणि आपण नंतर निरीक्षणाच्या वेळेसाठी अर्ज करायचा. ठरवणारे मोजकेच असतात हे खरंय. पण त्यांच्या टेबलावरचे आकडे बऱ्याचदा माझ्यासारख्याच कुणीतरी रात्री जागून काढलेले असतात. या वाटेनं येऊ बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञांची एक मोठी समिती पुढच्या दशकांचा प्राधान्यक्रम लावते. त्याला डेकेडल सर्व्हे म्हणतात. मागचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. त्याआधी २०१६ पासून चार मोठ्या दुर्बिणींचे आराखडे तयार होत होते: लुव्हॉर, हॅबएक्स, लिंक्स आणि ओरिजिन्स. लुव्हॉरचा आरसा १५ किंवा ८ मीटरचा, हॅबएक्सचा ४ मीटरचा. समितीनं यातला एकही जसाच्या तसा उचलला नाही. साधारण ६ मीटरची, अतिनील ते अवरक्त पाहणारी, पृथ्वीसारख्या पंचवीसेक ग्रहांचं वातावरण तपासू शकणारी दुर्बीण करा, असं सांगितलं. अंदाजे खर्च ११ अब्ज डॉलर, उड्डाण २०४० च्या दशकाच्या पूर्वार्धात. हीच आता हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी, बोलताना नुसतं ‘एचडब्ल्यूओ’.

मी शिरले तेव्हा तिचे विज्ञानगट नुकते बांधले जात होते आणि कुणालाही नाव देता येत होतं. मीही दिलं. पहिल्याच महिन्यात चार पानी टिपण लिहून पाठवलं: परग्रहांवर पाणी शोधणं का महत्त्वाचं आहे. भाषा छान, संदर्भ भरपूर. कॉलवर गटाच्या समन्वयकांनी शांतपणे विचारलं, “कुठल्या तरंगलांबीला? ताऱ्यापासून किती कोनावर? आणि त्यानं किती तारे हातचे जातील?” माझ्याकडे तिन्हींचं उत्तर नव्हतं. पाणी महत्त्वाचं आहे हे तिथल्या प्रत्येकाला आधीच पटलेलं होतं, त्यासाठी माझी चार पानं नको होती.

त्या रात्री कागदावर मांडलेलं गणित इथे देते, कारण ते बारावीच्या मुलालाही जमेल. दुर्बीण किती बारीक कोन ओळखू शकते ते ढोबळमानानं तरंगलांबी भागिले आरशाचा व्यास. करोनाग्राफ नावाचं उपकरण ताऱ्याचा प्रकाश झाकतं, पण त्याच्यासोबत ताऱ्याच्या अगदी जवळचा भागही झाकला जातो. हे झाकण त्या कोनाच्या तिप्पट धरा. पाण्याच्या वाफेची एक ठळक खूण ०.९४ मायक्रॉनला असते. आरसा ६ मीटरचा असेल तर झाकण येतं ०.०९७ आर्कसेकंद (एका अंशात ३६०० आर्कसेकंद). आता ३३ प्रकाशवर्षांवरून आपल्या सूर्याकडे पाहिलं तर पृथ्वी त्याच्यापासून ०.१ आर्कसेकंदावर दिसेल. (चाळीसेक किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं एवढंच दिसतं.) म्हणजे ग्रह बरोबर झाकणाच्या काठावर! हिरव्या प्रकाशात झाकण जवळपास निम्म्यावर येतं, तिथे ग्रह खुशाल दिसेल. पाणी आहे का, ते मात्र कळणार नाही.

आरसा ८ मीटरचा केला तर हीच हद्द ४५ प्रकाशवर्षांपर्यंत जाते आणि आवाक्यातलं आकाशाचं घनफळ सव्वादोनपटीहून जास्त वाढतं. पण आरसा ६ मीटरचाच ठेवून झाकण तिपटीऐवजी दुपटीवर आणलं, तर घनफळ सव्वातीनपटीच्याही वर जातं. मोठा आरसा करायचा की हुशार करोनाग्राफ, हा सगळा वाद इथून सुरू होतो. झाकण आत सरकवलं की दुर्बिणीची जराशी थरथरही महागात पडते. पृथ्वीसारखा ग्रह त्याच्या सूर्याहून दृश्य प्रकाशात दहा अब्ज पट मंद असतो. तेवढा फरक टिकवायचा तर आरशांची रचना दहाएक पिकोमीटरच्या आत स्थिर राहायला हवी. हायड्रोजनचा अणूच शंभरेक पिकोमीटरचा! नुसत्या विज्ञानाच्या पदवीनं इथे भागत नाही. प्रकाशशास्त्र, कंपनं, उष्णता यातलं एक तरी नीट शिकून या.

‘टीआरएल’ (टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल) हा शब्द दिवसातून दहादा ऐकाल. तंत्रज्ञान किती पिकलंय त्याची ही १ ते ९ अशी पट्टी. जेम्स वेबची शिफारस २००१ च्या सर्व्हेतली, उड्डाण २५ डिसेंबर २०२१ चं, आणि मधल्या काळात खर्च कैक पटींनी वाढला. त्या पोळलेल्या तोंडामुळे यावेळी सर्व्हेनंच बजावलं: आधी तंत्र पिकवा, मग बांधायला घ्या.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. भारतीय पासपोर्ट असेल तर तंत्रज्ञानाच्या काही बैठकांना दार बंद असतं, कारण अमेरिकेचे निर्यात-नियंत्रणाचे कायदे. एका परिषदेत दुपारच्या सत्राला मी वही-पेन घेऊन पोचले आणि दारातूनच परत फिरले. दोन तास बाहेर कॉफी पीत बसले. राग आला, अजूनही येतो. कार्यक्रमपत्रिका आली की कुठली सत्रं खुली आहेत ते आधीच विचारून घ्या, तेवढा अपमान वाचतो.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. दुर्बीण उडेल तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन, असं फोनवर सांगितलं तर म्हणाले, “अगं, सर्व्हेच्या खुंट्या मी ठोकल्या, कालव्याला पाणी तिसऱ्या साहेबानं सोडलं. पगार वेळेवर होतो ना?” होतो, पण दोन-तीन वर्षांच्या करारावर. नियोजनाच्या कामातून पेपर कमी निघतात आणि नोकरी पेपरांवर मिळते. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ आजच्या दुर्बिणींच्या डेटावरच घालवा.

भारतात राहूनही हे करता येतं. मेगा सायन्स व्हिजन २०३५ या भारताच्या मोठ्या विज्ञान-प्रकल्पांच्या नियोजनातला खगोलशास्त्राचा आराखडा आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकारानं झाला. आदित्य-एल१ या सूर्यमोहिमेवरची ‘सूट’ दुर्बीणही आयुकाचीच. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या मोहिमेचा प्रस्ताव आहे. तिथे पासपोर्टचा प्रश्न येत नाही आणि माणसं कमी असल्यामुळे विद्यार्थ्याच्याही वाट्याला खरं काम येतं.

एचडब्ल्यूओच्या गटात पुण्याहून भाग घ्यायचा असेल तर वेळेचं बघा. आमचा कॉल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी अकराला असायचा, म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्री साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली तेव्हा माझी एक मैत्रीण साडेआठला जेवण उरकून बसली आणि तासभर एकटीच स्वतःचा चेहरा बघत राहिली.